घरातील समुद्र : खाऱ्या पाण्यातील मासे व प्रवाळ यांची निगा

झाशी हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २८५ मीटर उंचीवर, बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइट खडकावर वसलेले आहे. सर्वांत जवळचा समुद्रही येथून शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि मुंबईचा किनारा तर रेल्वेने हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर पडतो. नेवाळकरांच्या काळापासून येथे वस्ती करून राहिलेल्या मराठी कुटुंबांतील कित्येक मुलांनी समुद्र पाहिला तो मुंबईला किंवा कोकणात नातेवाइकांकडे गेल्यावरच. अशा ठिकाणी एखाद्या घराच्या बैठकीत समुद्रातील मासे जिवंत ठेवता येतील काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू लागताच समुद्र म्हणजे नेमके काय, या मूळ प्रश्नाशी येऊन थांबावे लागते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या चालकांपुढे ही अडचण नव्हती. समोरच समुद्र होता. झाशीत समुद्र आणावयाचा तर तो घरीच तयार केला पाहिजे. सुदैवाने हे काम रसायनशास्त्राने सोपे करून ठेवले आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगातील महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले व १८८४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यावरून असे दिसले की, एखाद्या समुद्राचे पाणी कमी खारट असो वा अधिक, त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते. म्हणजेच समुद्राच्या पाण्याची एक निश्चित ‘कृती’ आहे. एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम आपले नेहमीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. उरलेल्या आठ ग्रॅमांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट आणि अत्यल्प प्रमाणात इतर अनेक मूलद्रव्ये येतात.

घरच्या मिठाच्या बरणीतून समुद्र का तयार होत नाही, हे यावरून ध्यानात येईल. त्या बरणीत हे आठ ग्रॅम नसतात. उलट आयोडिनाचे संयुग व मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्ये असतात. मत्स्यालयासाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले तयार मिश्रण बाजारात मिळते, व तेच वापरावे. दोनशे लिटरांच्या टाकीला सुमारे सात किलो मिश्रण लागते. ते टाकीत, मासे असताना, कधीही ओतू नये. वेगळ्या पिंपात विरघळवून, पाणी एक दिवस ढवळते ठेवून, मगच वापरावे.

मिश्रण ज्या पाण्यात घालावयाचे त्याची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. झाशीला नळाने येणारे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते. खडकाळ भागातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी पुष्कळदा जड असते, आणि शेतीचा किंवा सांडपाण्याचा निचरा जवळ असल्यास त्यात नायट्रेटही उतरते. माणसाला ते चालून जाते, प्रवाळाला चालत नाही. म्हणून व्युत्क्रमी परासरणाने, म्हणजे ज्याला सर्वजण ‘आरओ’ म्हणतात त्या यंत्राने, गाळलेले पाणी घ्यावे. येथे एक खोच आहे. घरगुती आरओ यंत्रांपैकी बरीच यंत्रे पाण्याला चव यावी म्हणून गाळलेल्या पाण्यात काही क्षार पुन्हा मिसळतात. पाण्यातील विद्राव्य क्षार मोजणारे लहानसे उपकरण त्यात बुडवून पाहावे. आकडा शून्याजवळ असला पाहिजे.

पहिला धडा लंडनचा

समुद्रापासून दूर प्रवाळ जगविण्याचा प्रयत्न नवा नाही. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला नेले. समुद्राचे पाणी वारंवार आणणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतण्याचा क्रम ठेवला. रोज अर्धा-पाऊण तास चालणारे हे काम अर्थातच त्यांच्या घरच्या मोलकरणीच्या वाट्याला आले. पुढे त्यांनी भांड्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या, आणि प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. आज टाकीच्या मागे गुणगुणणारा विजेचा पंप करतो ते काम हेच. पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवून तो हवेतील प्राणवायू पाण्यात उतरवितो.

खाऱ्या पाण्यात याची गरज अधिक असते. २५ अंश सेल्सियसला गोडे पाणी जितका प्राणवायू धरून ठेवते, त्यापेक्षा समुद्राचे पाणी जवळजवळ एक पंचमांश कमी धरते, आणि तापमान वाढेल तसा तोही घटत जातो. म्हणूनच उन्हाळ्यात वीज गेली असता खाऱ्या टाकीतील मासे गोड्या टाकीतल्या माशांच्या आधी धापा टाकू लागतात. ज्या घरी पंख्यासाठी इन्व्हर्टर आहे, तेथे टाकीचा हवेचा पंप त्यावर जोडणे हा पहिला खर्च मानावा. रंगीत दिवा नंतर घेता येतो. आणि त्या पंपाच्या जवळ डासांची अगरबत्ती अथवा डास पळविणारे द्रव लावू नये. त्यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये माशांना व कोळंबीला अतिशय विषारी असतात, आणि पंप तर खोलीतील हवाच पाण्यात सोडीत असतो.

न दिसणारे भाडेकरू

नव्या टाकीत पाणी भरले, क्षारांचे प्रमाण जुळले, पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसू लागले, की तिसऱ्या दिवशी मासे आणून सोडण्याचा मोह होतो. हौशी लोकांचे बहुतेक मासे याच घाईने मरतात. दिसावयास निर्मळ असलेले हे पाणी माशांच्या दृष्टीने अजून ओसाड आहे.

माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. न खाल्लेले अन्न व विष्ठा कुजूनही तो तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात. एक रूप विद्युतभारित व बरेचसे निरुपद्रवी. दुसरे मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्ल-अल्कलीच्या मापावर ठरते. गोड्या पाण्याच्या टाकीत सामू ७ च्या आसपास असतो. समुद्राच्या पाण्यात तो ८.१ ते ८.२ असतो. हा फरक आकड्यांत लहान दिसतो, परंतु त्यामुळे एकूण अमोनियातील मुक्त अमोनियाचा वाटा दहा पटींहून अधिक होतो. गोड्या टाकीत जी चूक खपून जाते ती खाऱ्या टाकीत प्राणघातक ठरते, याचे एक कारण हे आहे.

समुद्रात आणि मातीत या अमोनियाची विल्हेवाट सूक्ष्मजीव लावतात. काही सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे कार्य करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास प्रथम वेगळे करून दाखविले. पुढील शंभर वर्षे मत्स्यालयांच्या पुस्तकांतून याचे श्रेय नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर या दोनच प्रजातींना दिले जात असे. आता असे आढळून आले आहे की नायट्रोस्पिरा नावाचे जीवाणू आणि जीवाणूंहून वेगळ्या अशा आर्किया वर्गातील सूक्ष्मजीव यांचाही त्यात मोठा वाटा असतो. नावे बदलली तरी माशांच्या मालकाने करावयाचे काम बदललेले नाही. या सूक्ष्मजीवांना वस्ती करण्यासाठी सच्छिद्र पृष्ठभाग, खेळते पाणी आणि वेळ द्यावयाचा असतो. साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात टाकीत मासा नसावा, पण अमोनिया असावा, कारण तेच या सूक्ष्मजीवांचे अन्न. पूर्वी त्यासाठी एखादा स्वस्त मासा सोडून त्याचा बळी देण्याची रीत होती. ती क्रूर आहे आणि अनावश्यकही. कल्हईवाल्याच्या नवसागराला रसायनशास्त्रात अमोनियम क्लोराइड म्हणतात. त्याची शुद्ध, प्रयोगशाळेच्या प्रतीची पूड दोनशे लिटरांस जेमतेम सव्वा ग्रॅम घातली असता दर लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. (बाजारातील कल्हईचा नवसागर अशुद्ध असतो, तो वापरू नये.) मग दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची परीक्षा करीत जावे. प्रथम अमोनिया उतरू लागतो व नायट्राइट चढते; नंतर नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट तेवढे उरते. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शिल्लक राहीनासे झाले, की टाकी राहण्याजोगी झाली. शाळेच्या प्रयोगशाळेत हा सबंध क्रम आलेखावर मांडून दाखविता येतो, आणि त्यासाठी एकही मासा लागत नाही.

शेवटी उरलेले नायट्रेट दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलून कमी ठेवावे. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातील सजीवांनी भरलेले खडक व हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर टाकी कशी चालते याचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा खडकाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो हवेत निघून जातो. भारतात मात्र प्रवाळखडक उचलून आणणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे त्याऐवजी चिनीमातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र खडक वापरावेत. ते वसण्यास अधिक वेळ घेतात, एवढाच फरक.

माठाचे शास्त्र

झाशीचा खरा प्रश्न उष्णतेचा आहे. मे-जूनमध्ये येथील पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. जानेवारीच्या रात्री तो दहाच्या बराच खाली उतरतो. प्रवाळखडकांजवळचे मासे व प्रवाळ यांना मात्र २४ ते २७ अंशांच्या दरम्यान राहावयाचे असते. हिवाळ्याची सोय सोपी आहे. तापमापकाने नियंत्रित होणारा विजेचा तापक पुरतो. उन्हाळा कठीण.

त्यावरील पहिला उपाय बुंदेलखंडातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते त्याच कारणाने टाकीही थंड करता येते. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता बरोबर नेते. दोनशे लिटरांच्या टाकीतून एक लिटर पाणी उडून गेले आणि त्यासाठी लागणारी सर्व उष्णता टाकीतूनच घेतली गेली, तर उरलेले पाणी सुमारे तीन अंशांनी निवते. टाकीवरचे झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा सोडला, की लूच्या कोरड्या दिवसांत हे बाष्पीभवन जोराने होते. परंतु पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर माठ जसा रुसतो तसाच हा पंखाही निरुपयोगी होतो. जुलै-ऑगस्टसाठी पाणी थंड करणारे यंत्र किंवा खोलीचे वातानुकूलन यावाचून गत्यंतर नाही. ज्यांना तो खर्च झेपत नाही त्यांनी खाऱ्या पाण्याच्या नादी लागू नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. गोड्या पाण्यातील कितीतरी सुंदर मासे याहून पुष्कळ सोशिक असतात.

पंख्याने दुसराही एक प्रश्न उभा राहतो. उडते ते केवळ पाणी. मीठ मागे राहते. दोनशे लिटरांतून रोज चार लिटर पाणी गेले, तर पाच दिवसांत १८० लिटर उरते आणि त्यात तेच सात किलो क्षार असतात. म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमांवरून प्रमाण ३९ ग्रॅमांजवळ जाते. नवशिका येथे हमखास चुकतो. पाणी कमी झाले म्हणून तो खारे पाणीच भरतो, आणि टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गाळलेल्या गोड्या पाण्याने, आणि रोजच्या रोज, करावयाची असते. काचेवर तेलरंगाची एक रेघ ओढून पाणी त्या रेघेपर्यंत ठेवावे. याहून चांगले साधन शोधण्याची गरज नाही.

लहान टाकी सोपी, हा समजही याच हिशेबाने खोटा ठरतो. वीस लिटरांच्या टाकीत तेवढाच बिघाड दहापट वेगाने होतो.

माशाच्या शरीराचा विचार केला असता क्षारांच्या चढउताराचा त्रास नीट समजतो. समुद्रातील सामान्य माशाच्या रक्ताचा खारेपणा भोवतालच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असतो. त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. समुद्रात राहूनही तो एका अर्थी तहानलेलाच असतो. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातील मासा याच्या उलट वागतो. ही अविरत चालणारी कामगिरी विशिष्ट खारेपणाला जुळलेली असते. ती एकाएकी बदलणे म्हणजे माशाला आजारी पाडणे होय. नवीन मासा आणल्यावर त्याच्या पिशवीत टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळत जाण्याची पद्धत याचसाठी आहे.

नवीन माशाबरोबर रोगही येतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हा त्यांतील सर्वांत परिचित. त्याचा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस राहून गळून पडतो, तळाशी कवच करून बसतो आणि कधी तीन-चार आठवड्यांनंतरही शेकडो पिलांच्या रूपाने बाहेर येतो. ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला, असे मानणारा मनुष्य म्हणूनच फसतो. प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. औषध म्हणून तांब्याचा क्षार वापरतात, पण तोही त्या वेगळ्या टाकीतच. प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी यांना तांबे हे विष आहे.

प्रवाळ

अंगठीतील तांबडे पोवळे आणि खडक बांधणारे प्रवाळ हे एकमेकांचे दूरचे नातलग होत. दोन्ही प्राणीच आहेत, परंतु खडक बांधणाऱ्या प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. शैवाल प्रकाशात अन्न तयार करतात व त्यातील मोठा भाग यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा व खताची द्रव्ये पुरवितो. म्हणून अशा प्रवाळाला प्रखर, निळसर छटेचा प्रकाश लागतो. अ‍ॅना थिन यांच्याजवळचे प्रवाळ थंड पाण्यातले, शैवालविरहित होते; ते लंडनच्या अंधुक उजेडात जगले याचे रहस्य तेच.

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एका अंशानेच अधिक, पण काही आठवडे सलग, तापले तरी ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो, त्याचा रंग उडतो आणि पांढरा सांगाडा आरपार दिसू लागतो. लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असेच घडले. घरच्या टाकीत त्यासाठी महासागर तापावा लागत नाही; मे महिन्यातील एक दुपार आणि बंद पडलेला पंखा पुरेसा होतो.

सांगाडा वाढविण्यासाठी प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम व बायकार्बोनेट घेतो. समुद्रात दर लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ते संपत नाही. टाकीत मात्र ते घटू लागते. त्याची भरपाई करण्याचे एक जुने साधन म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध चुना पाण्यात ढवळून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणी रात्री अगदी थेंबथेंब टाकीत सोडतात. ही निवळी तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे घाईने ओतल्यास टाकीचा सामू क्षणात चढतो.

हे सर्व जाणून घेणे एक, आणि प्रवाळ घरी ठेवणे दुसरे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. समुद्रघोडेही त्याच अनुसूचीत आले. त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. ते समुद्रातून तोडणे, विकणे वा विकत घेणे हा गंभीर गुन्हा असून वाळलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर समुद्राखाली असलेल्या, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळांची मोठी वस्ती आहे. म्हणजे मराठी मुलुखाला या प्राण्याशी परकेपणा नाही. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथे प्रवाळांच्या वसाहती आढळल्या, तेव्हा २०२० मध्ये त्या खास परवानगी घेऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या. सरकारी बांधकामालाही जेथे अशी परवानगी लागते, तेथे बैठकीतील टाकीसाठी दुकानदाराने कागदात गुंडाळून दिलेला प्रवाळाचा तुकडा कोठून आला हे विचारणे प्रत्येकाचे काम आहे. या यादीबाहेरचे मऊ प्रवाळ घेतानाही ते कायदेशीर मार्गाने आल्याचा लेखी पुरावा मागावा, आणि तो न मिळाल्यास रिकाम्या हाताने परतावे.

माशांच्या बाबतीत परिस्थिती थोडी आशादायक आहे. शोभेचे बहुतेक सागरी मासे अजूनही प्रवाळखडकांवरूनच पकडले जातात. फिलिपाइन्समध्ये १९६० नंतरच्या दशकात पाण्यात सायनाइड फवारून मासे गुंगविण्याची पद्धत सुरू झाली व ती अन्यत्रही पसरली. असा मासा दुकानात तजेलदार दिसतो आणि घरी आल्यावर पुष्कळदा काही दिवसांतच मरतो. परंतु विदूषक मासा व त्याचे काही नातलग आता टाकीतच पैदा करता येतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम व विळिंजम येथील केंद्रांत यांच्या अनेक जातींचे प्रजनन साधले आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने लक्षद्वीपातील अगत्ती बेटावर स्त्रियांना हे काम शिकविले, आणि त्याच संस्थेच्या साहाय्याने नवी मुंबईत ऐरोली येथेही विदूषक माशांचे अंडी उबवणी केंद्र उभे राहिले. समुद्रापासून झाशीप्रमाणेच दूर असलेले लखनौ या विषयाचे एक ठिकाण असावे, हे गमतीचे खरे. अशा केंद्रात जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून टाकीला व तयार अन्नाला सरावलेला असतो; दोनशे लिटरांच्या टाकीत त्याची एक जोडी आणि आणखी दोन-तीन लहान मासे, एवढेच पुरे.

विदूषक मासे जन्मतः सर्व नरच असतात. कळपातील सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि ती मेली तर तिचा नर तिची जागा घेऊन मादी बनतो. म्हणून दोन लहान मासे एकत्र वाढविले की जोडी आपोआप जमते. समुद्रफूल नसले तरी त्यांचे अडत नाही. जोडी स्थिरावली तर ती एखाद्या उलट्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर अंडी घालते, आणि नर त्यांना कल्ल्यांजवळच्या परांनी वारा घालीत राखण करतो. सहा ते आठ दिवसांनी, दिवा मालवल्यावरच्या अंधारात, पिले बाहेर येतात. त्यांचे तोंड इतके लहान असते की पहिले काही दिवस रोटिफर नावाचे सूक्ष्म जीवच ती गिळू शकतात. हे रोटिफर हिरव्या शैवालाच्या पाण्यावर वाढवावे लागतात. तेव्हा कुंडीवर नारिंगी ठिपके दिसले की शैवालाची बाटली त्याच दिवशी उजेडात ठेवून उपयोग नाही. ती तयारी निदान पंधरवडाभर आधी झालेली असावी लागते.